खाल्लेल्या पानांची बाग बघायला या

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही औषध मारत नाही का हो?"

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. पुण्यातला जुना बंगला, भोवती जेमतेम तीन गुंठे मोकळी जागा. गणपतीच्या आधीच्या रविवारी त्या फाटक उघडं ठेवतात आणि ज्याला यायचं त्यानं यावं म्हणतात. मी गेली सहा-सात वर्षं न चुकता जातो. येणारा माणूस आत शिरला की पायऱ्यांजवळच्या कढीपत्त्यापाशी थबकतो. तिथली पानं कुरतडलेली असतात, काही डहाळ्यांचा तर नुसता दांडा उरलेला असतो. मग तो प्रश्न येतो. काकू उत्तर देत नाहीत. एक डहाळी खाली वाकवून म्हणतात, "हे पाखरू शिटलेलं दिसतंय ना, जरा नीट बघा." माणूस चष्मा सावरून वाकतो. तेवढ्यात ते शिटलेलं हलतं.

ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असते. पक्ष्यानं खाऊ नये म्हणून तिनं पक्ष्याच्याच विष्ठेचं सोंग घेतलेलं असतं. वरच्या फांदीवर तिचीच थोरली बहीण, आता हिरवीगार, बोटाच्या पेराहून लांब. काकू गवताच्या काडीनं तिला जरासं डिवचतात. डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पोरं किंचाळतात. मोठी माणसंही पाऊलभर मागे सरकतात, पण मोबाइल काढायला सरकल्यासारखं दाखवतात.

एवढं बघून गेलेला माणूस घरच्या कढीपत्त्यावर डोळे झाकून फवारा मारत नाही. निदान आधी वाकून बघतो. माझं सगळं म्हणणं या वाकून बघण्याबद्दल आहे. शहरात पाखरांना, किड्यामुंग्यांना जागा उरली नाही ही तक्रार खरीच. पण जी जागा उरली आहे तिथंही त्यांना टिकू देत नाही ती आपली नजर. ही नजर फलक लावून, भाषणं करून किंवा पाच जूनला रोपं वाटून बदलत नाही. ती दुसऱ्याच्या बागेत, त्याच्या शेजारी उभं राहून, त्यानं बोट दाखवलेल्या पानाकडे बघून बदलते. म्हणून महापालिकांनी आणि सोसायट्यांनी बागस्पर्धा बंद कराव्यात आणि बागभेटी सुरू कराव्यात, असं मला वाटतं. बागस्पर्धा बंद करा म्हटल्यावर काही लोक रागावतील याची कल्पना आहे.

स्पर्धेत काय जिंकतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कातरलेली हिरवळ, एका रांगेत एकाच उंचीच्या कुंड्या, गेरू लावून वर पांढरी नक्षी काढलेल्या. पान न् पान पुसलेलं. खाली पडलेलं एकही पान नाही, कारण परीक्षक यायच्या आधी पहाटे झाडलोट झालेली असते. अशी बाग सुंदर नसते असं मी म्हणणार नाही, मला स्वतःलाही ती आवडते. पण ती दिवाणखान्यासारखी असते. तिथं राहायला कोणी येऊ नये अशीच तिची रचना केलेली असते. परीक्षकानं कुरतडलेल्या पानाचे गुण कापले की दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डातल्या शंभर घरांत कीटकनाशकाची बाटली येते.

आमच्याच सोसायटीचं सांगतो. पंपघराच्या भिंतीला लागून पानफुटीचा मोठा ताटवा होता. कोणी मुद्दाम लावला नव्हता, पानफुटीला लावावं लागतही नाही. एका सर्वसाधारण सभेत कोणीतरी मुद्दा काढला की पानांना रोग लागला आहे. पानं आतून पोखरल्यासारखी, पारदर्शक, त्यात काळे ठिपके. कमिटीनं ठराव केला, माळ्यानं दोन तासांत ताटवा उपटला, आणि तिथं पेव्हर ब्लॉक बसवून कडेनं पिवळा ड्युरांटा लावला. तो 'रोग' म्हणजे रेड पिएरो या फुलपाखराची अळी होती. ही अळी पानफुटीच्या जाड पानात शिरते आणि वरचा-खालचा पापुद्रा शाबूत ठेवून आतला गर खाते. घरात बसूनच घर खायचं! त्यातून निघणारं फुलपाखरू रुपयाच्या नाण्याहून फारसं मोठं नसतं, पण पंख मिटून बसलं की पांढऱ्यावर काळे ठिपके आणि नारिंगी-लाल पट्टा असं काही दिसतं की वाटतं कोणी बारीक कुंचल्यानं रंगवलंय. मी सभेत हे सांगायला हवं होतं. मी त्या सभेला गेलो नव्हतो. अशा सभांना आपण जात नाही आणि मग लेख लिहितो.

आता थोडं झाडांबद्दल, कारण 'फुलपाखरांसाठी बाग' म्हटलं की लोक फुलझाडं आणायला नर्सरीत पळतात. फूल ही फुलपाखराची खानावळ. पेंटास, झेंडू, झिनिया, घाणेरी, कुठल्याही देशातलं फूल चालतं, मध मिळाला म्हणजे झालं. पण खानावळीत कोणी संसार थाटत नाही. अंडी घालायला मादीला ठरावीक झाडच लागतं, कारण अळी जन्मल्यावर त्याचंच पान खाणार असते. रुईवर प्लेन टायगर. खोट्या अशोकावर, सीताफळावर, सोनचाफ्यावर टेल्ड जे. आंब्यावर कॉमन बॅरन. एरंडावर कॉमन कॅस्टर. महाराष्ट्रानं २०१५ साली ज्या ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला, त्या आपल्या राणी पाकोळीला लिंबाच्या कुळातलं झाड हवं. फुलपाखराला राज्याचा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. आणि याच राज्यात अंगणातल्या लिंबावर अळी दिसली की तिला चिमट्यानं धरून साबणाच्या पाण्यात टाकतात.

चिमण्यांचंही तेच. दरवर्षी २० मार्चला चिमणी दिवस येतो, लाकडी घरटी वाटली जातात, बाल्कनीत टांगली जातात. चांगलंच आहे. पण चिमणी दाणे खाते म्हणून तिची पिल्लंही दाण्यावर वाढतात असं आपण धरून चालतो. घरट्यातल्या पिल्लांना आई-बाप मऊ अळ्या आणि किडे भरवतात. घरटं टांगलं आणि खाली पानावर अळी दिसली की फवारा मारला, तर ते पाळणा बांधून दूध बंद करण्यासारखं झालं. कडुनिंबाचं तेल 'सेंद्रिय' असतं म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. अळीला ते सेंद्रिय असल्याचं समाधान वाटत नसावं.

मी जी बागभेट म्हणतो आहे ती काही कुठून तरी आयात केलेली कल्पना नाही. भाद्रपदात आपण एकमेकांच्या बागेत जातच होतो, पत्री मागायला. माझ्या आजीच्या हातात परडी असायची आणि तिला वाड्यातल्या, आळीतल्या प्रत्येक परसाची माहिती असायची. बेल कुणाकडे, शमी कुणाकडे, डोरली कुठल्या बोळात, रुई कुठल्या पडक्या भिंतीला. गणपतीला एकवीस पत्री लागतात. त्यांची यादी फुलपाखरांच्या जाणकारापुढे ठेवली तर तो हसेल, कारण त्यातली कितीतरी झाडं त्याच्याही यादीत असतात. रुईचं सांगितलंच. बेलावर लिंबाच्या कुळातली फुलपाखरं अंडी घालतात. बोरीवर कॉमन पिएरो, कण्हेरीवर कॉमन क्रो. डाळिंबाच्या फळात शिरणारी अळी तर शेतकऱ्यांच्या शिव्या खाते, पण तीही एका फुलपाखराचीच. ज्यांनी ही यादी केली त्यांनी फुलपाखरांचा विचार केला होता असा दावा मी करणार नाही. आपल्या परंपरेत सगळं विज्ञान आधीच होतं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण पत्रीमुळे ही झाडं घराभोवती राहत होती आणि माणसं ती बघायला एकमेकांकडे जात होती, एवढं नक्की. आता मंडईत पत्रीची जुडी मिळते, दोऱ्यानं बांधलेली. कुठल्या टेकडीवरून ओरबाडून आणली ते विचारायचं नाही. त्या जुडीतल्या रुईच्या पानावर एखादी पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी निघालीच तर घरात आरडाओरडा होतो.

ती अळी जिवंत झाडावर बघण्यासारखी असते. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो, डोळ्यात गेला तर पंचाईत. प्लेन टायगरची अळी खायला बसायच्या आधी पानाच्या शिरेला चावा घेऊन चिकाची वाटच तोडते. पुढचा भाग कोरडा पडला की निवांत जेवते. काकूंच्या फाटकाबाहेर, गटाराच्या कडेला रुईचं झुडूप आहे. महापालिकेचे लोक ते दरवर्षी तोडतात आणि ते दरवर्षी फुटतं. माझ्यासारख्या साठीच्या माणसानं गटाराच्या कडेला उकिडवं बसून अर्धा तास अळीचं जेवण बघितलं आहे. रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी "काका, बरं वाटत नाहीये का?" असंही विचारलं.

परदेशात याला रीतसर रूप आहे. इंग्लंडमध्ये १९२७ साली ६०९ खासगी बागा लोकांसाठी उघडल्या गेल्या, माणशी एक शिलिंग घेऊन. पैसा घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी होता. ती नॅशनल गार्डन स्कीम आजही चालू आहे. बड्या जहागिरींच्या बागांपासून सुरुवात झाली, पण आता त्यात साध्या घरांमागच्या चिंचोळ्या बागाही असतात. मालक दारात उभा असतो, चहा आणि केक विकत मिळतो आणि पाहुणे नाक खुपसून काहीही विचारतात.

मला त्याहूनही मोलाची वाटते ती त्याच देशातली लेस्टर शहरातली एक बाग. जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या उपनगरी घराच्या बागेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तीस वर्षं नोंदी ठेवल्या. एकूण २,६७३ जाती सापडल्या, त्यातले १,९९७ कीटक. ही काही जंगली, मुद्दाम मोकाट सोडलेली बाग नव्हती. फुलांचे ताटवे होते, भाजी होती, थोडी हिरवळ होती, चारचौघींसारखी बाग होती. फक्त कीटकनाशक नव्हतं आणि बघणारे डोळे होते. तीस वर्षांतली बरीचशी वर्षं त्या मल्टिपल स्क्लेरोसिसशी झुंजत होत्या. बागेबाहेर फार जाता येत नसलेल्या बाईनं बागेतच दोन हजारांहून जास्त जिवांची मोजदाद केली. लेस्टरची थंडी, तिथला उन्हाळा बघता आपल्याकडच्या तीन गुंठ्यांत काय निघेल, हे कोणी मोजलंच नाही.

आपल्याकडे ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात ओवळेकर वाडी आहे. राजेंद्र ओवळेकर या शिक्षकानं घरच्या शेतजमिनीवर फुलपाखरांसाठी खाद्यवनस्पती लावायला सुरुवात केली आणि वाडी लोकांना बघायला खुली केली. तिथं काचेचं घर नाही, जाळी नाही. फुलपाखरं आपणहून येतात, आपणहून जातात. याच्या शेजारी आपल्या शहरांतली सरकारी 'फुलपाखरू उद्यानं' आठवून बघा. दारावर सिमेंटचं चार फुटी फुलपाखरू, आत हिरवळ, हिरवळीवर चालू नये असा फलक, आणि संध्याकाळी धूर फवारणी.

आता आक्षेप.

सगळ्यात मोठा डासांचा. "पालापाचोळा, झाडी, म्हणजे डास, म्हणजे डेंग्यू." डेंग्यूचा एडिस डास पाचोळ्यात अंडी घालत नाही. त्याला भांड्यात साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. कुंडीखालची ताटली, कूलर, गच्चीवरचं टायर, फ्रिजमागचा ट्रे. म्हणजे स्पर्धेत पहिली आलेली, ताटल्यांवर कुंड्या मांडलेली बाग डासांच्या दृष्टीनं जास्त सोयीची असू शकते. काकूंच्या बागेत पाण्याचं एक दगडी कुंड आहे, त्यात गप्पी मासे आहेत. पाखरांसाठीची पसरट थाळी रोज घासून भरली जाते. हे काम नियमानं करावं लागतं, त्यात हयगय चालत नाही. ज्याला रोज थाळी घासायची नाही त्यानं पाखरांसाठी पाणी ठेवू नये, हे मी स्पष्टच सांगतो.

दुसरा आक्षेप सापाचा. इथं मी हात झटकणार नाही. पाचोळ्यात साप येऊ शकतो. बहुतेक वेळा तो वाळा, कवड्या नाहीतर धामण असतो, पण पुण्याच्या कडेच्या वस्त्यांत घोणसही निघते आणि घोणस पाचोळ्यात दिसत नाही. म्हणून दाराला लागून विटांचे ढीग, फरशांचे तुकडे ठेवायचे नाहीत, उंदरांना खरकटं मिळू द्यायचं नाही, पाचोळा कुंपणाकडे टाकायचा आणि तिथं हात घालण्याआधी काठी घालायची. पायात चपला, रात्री टॉर्च. आपल्या आजोबांना हे सांगावं लागत नव्हतं. साप येईल म्हणून सगळी जमीन फरशीनं मढवायची हा उपाय असेल तर पावसाचं पाणी कुठं जाईल, तेही त्याच सभेत ठरवा. नेदरलँड्समध्ये २०२० साली रॉटरडॅम आणि ॲमस्टरडॅम या दोन शहरांनी कोण जास्त फरश्या उखडून तिथं झाडं लावतो अशी पैज लावली आणि पुढं ती देशभर पसरली. स्पर्धा घ्यायचीच हौस असेल तर ही घ्या.

तिसरा आक्षेप मला मनापासून पटतो: बाग असते कुणाकडे? बंगलेवाल्यांकडे. त्यांच्याकडे जाऊन वन्समोअर म्हणायचं आणि आपल्या वन रूम किचनमध्ये परत यायचं, यात लोकशाही कुठली? त्यात पुनर्विकासात बंगलेही झपाट्यानं चालले आहेत. पण फुलपाखराला सातबारा लागत नाही. चाळीच्या कठड्यावर डालड्याच्या डब्यात तुळस आणि रंगाच्या डब्यात कढीपत्ता असायचा, त्या कढीपत्त्यावरही हीच अळी यायची. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गॅलरीतल्या लिंबाच्या रोपावर अंडी सापडल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. मादी ते झाड कसं हुडकते हे तिलाच ठाऊक. तेव्हा बागभेटींच्या यादीत गॅलऱ्या हव्यात, चाळीचे कठडे हवेत, महापालिकेच्या शाळेमागची पडीक पट्टी हवी. काकूंकडे येणाऱ्यांत मला सगळ्यात चांगले प्रश्न विचारणारी बाई भेटली ती जवळच्या वस्तीत राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी. तिनं कुंपणावरचा टाकळा ओळखला, कोवळ्या पानांची भाजी कशी करायची ते सांगितलं, आणि मग त्यावरची हिरवी अळी बघून म्हणाली, "आमच्याकडे हिला भाजीबरोबर चुकून शिजवतात." काकूंना टाकळ्याची भाजी माहीत नव्हती. भेट दोन्हीकडून असते ती अशी.

उरला सुरक्षिततेचा प्रश्न. एकट्या राहणाऱ्या बाईनं अनोळखी माणसांना फाटक का उघडावं? उघडू नये. कॉलनीनं एकत्र ठरवावं, एका दिवशी पाच-सहा घरं, प्रत्येक घरी दोन स्वयंसेवक, एका वेळी दहा माणसं. यात अवघड काही नाही. हळदीकुंकवाला याहून जास्त गर्दी होते.

माझी खरी भीती वेगळीच आहे. ही कल्पना फसण्यापेक्षा फार चालेल याची. आपल्याकडे बघायला जाणं म्हणजे काय होतं, ते काजव्यांनी भोगलं आहे. जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. ज्या किड्याचा सगळा संसार अंधारातल्या इशाऱ्यांवर चालतो त्याच्या अंगावर हेडलाइट पडतात आणि पार्किंगसाठी तुडवल्या गेलेल्या गवतात त्याच्या माद्या असतात. गोव्यातली कुळागरं घ्या. सुपारी, नारळ, मिरवेल, जायफळ, फणस आणि खाली पाटाचं पाणी, असं शतकांपासूनचं घरचं जंगल. काही ठिकाणी ते मसाल्याची सहल होऊन बसलं, पाहुण्याला हत्तीवर बसवून फिरवण्यापर्यंत मजल गेली. आणि शहरांतले आपले छायाचित्रकार! शिंपी पक्ष्यानं दोन पानं शिवून केलेलं घरटं नीट दिसावं म्हणून पुढची डहाळी कापणारे, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणारे. घरट्याची आड कापली की दुसऱ्या दिवशी ते भारद्वाजाला दिसतं.

तरीही मी भेटींच्या बाजूनं आहे, आणि काजव्यांमुळेच आहे. माणसांना जिवंत काही बघायचं आहे ही भूक खोटी नाही. ती भागवायला दीडशे किलोमीटर जावं लागतं, कारण गल्लीत काही आहे हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. गल्लीतली बाग बघायला जाणारा चालत जातो. मालक ओळखीचा असतो, त्यामुळे डहाळी कापायची हिंमत होत नाही. काकूंचा नियम सोपा आहे: घरटं दाखवणार नाही, अळी दाखवीन. घरटं लाजरं असतं, अळीला प्रेक्षकांचं काही वाटत नाही. मला तर हा नियम प्रत्येक बागेच्या दारावर लावावासा वाटतो.

आणि खायला घालणं म्हणजे निसर्गसेवा नव्हे, हेही अशा भेटीतच समजावता येतं. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा गदारोळ झाला. दोन्ही बाजू तावातावानं बोलत होत्या. पोत्यानं दाणे टाकून एकाच जातीची फौज वाढवणं आणि दहा जातींना आपापलं पोट भरता येईल अशी चार झुडपं राखणं यातला फरक त्या गदारोळात कोणी बोललं नाही. तो फरक बोलून कळतही नाही म्हणा.

महापालिकांकडून काय हवं? पैसे फारसे नकोत. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता समिती असावी लागते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी ती एकदा करून कपाटात गेली आहे. बागभेटीच्या दिवशी ती वही बाहेर काढा. प्रत्येक घरानं, प्रत्येक गॅलरीनं काय दिसलं ते लिहावं. सप्टेंबर हा २०२० पासून देशभर फुलपाखरांचा महिना म्हणून साजरा होतो, भाद्रपद साधारण तेव्हाच येतो, पावसानं झाडोरा माजलेला असतो. मुहूर्त आयता आहे.

पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाच्या पाण्याचा साठा यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. त्याच यादीत फरशी न घातलेली, फवारा न मारलेली, वर्षातून एकदा लोकांना उघडी ठेवलेली जमीन का नसावी? तपासायला अधिकारी पाठवायची गरज नाही, पाहुणेच साक्षीदार. गैरफायदा घेतला जाईल? जाईल. गांडूळखताच्या रिकाम्या टाक्या दाखवून सवलत घेणारेही आहेतच.

कायद्याचीही नजर तपासायला हवी. महाराष्ट्रातला शहरी झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ सालचा. झाड तोडायचं तर परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण झुडूप, वेल, गवत, कुंपणाची बाभळीखालची जाळी या कायद्याला दिसतच नाहीत. शिंपी, शिंजीर, बुलबुल, सातभाई यांचा सगळा वावर याच कमरेएवढ्या उंचीच्या जगात असतो. ते 'साफसफाई' या एका शब्दात जेसीबीखाली जातं, कुणाची सही लागत नाही. त्यासाठी नवा कायदा करा असं मी म्हणत नाही, परवानग्यांचं नवं दुकान उघडेल. पण स्वच्छतेचे गुण देताना मोकळ्या जागेतला पाचोळा हा कचरा धरू नये, एवढा आदेश आयुक्तांनी एका कागदावर काढला तरी बरंच काही वाचेल.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी ओढून काकूंकडे नेलं. पानफुटी उपटायचा ठराव ज्यांच्या सहीनं झाला तेच हे गृहस्थ. कढीपत्त्यापाशी थबकले, प्रश्न विचारला, वाकले. मग तासभर हलले नाहीत. गुलाबाच्या पानांना कोणीतरी पंचिंग मशीननं पाडावीत तशी गोल भोकं होती. ती पान कापणाऱ्या मधमाशीची, ते तुकडे नेऊन ती आपल्या पिल्लांच्या खोल्यांना अस्तर लावते. हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आमच्या गुलाबांना दोन वर्षं मी उगीच पावडर टाकतोय." निघताना काकूंनी त्यांना पानफुटीची चार पानं दिली. नुसती मातीवर ठेवा, कडेनं फुटतील.

तीन आठवड्यांनी त्यांचा काकूंना फोन आला. रोपं छान आलीत, पण मूळ पानांपैकी एक आतून पोकळ झालंय, काळे ठिपके दिसतायत, धुवून टाकू की उपटू?

काकू म्हणाल्या, "कशालाही हात लावू नका. उद्या सकाळी मीच येते बघायला. चहा ठेवा."